मोघेबाई झोपतात कधी?

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून आजवर कुणाला सांगितलं नाही," मी म्हटलं. "एका घरात सतरा तंबोरे एकदम घुमत असताना मी बसून चहा प्यायलोय. आणि त्या घराचा पत्ता मी माझ्या डोक्यातून काढला होता. आधी पत्ता निघाला, घर मागाहून सापडलं."

शाल्मलीनं वहीतून मान वर केली नाही. "आजोबा, मी एवढंच विचारलं की तुमच्या गोष्टींतल्या आया सगळ्या स्वयंपाकघरातच का असतात."

"तेच तर सांगतोय."

"तुम्ही तंबोऱ्यांचं सांगताय."

ही माझी नात. नववीत आहे. शाळेनं प्रकल्प दिलाय, जुन्या बालमासिकांतलं कुटुंब. रविवारी सकाळी माझा चहा व्हायच्या आत समोर येऊन बसली. वहीच्या पानावर पट्टीनं तीन रकाने आखलेले: आई, बाबा, मुलं. आईच्या रकान्यातलं मी उलट्या बाजूनं वाचलं. लाडू वळते. पदराला हात पुसते. दारात वाट बघते. लाडू वळते.

"लाडू दोनदा लिहिलेस."

"दोनदा नाही, एकोणतीस वेळा आहेत. लिहायचा कंटाळा आला मला."

आपल्याच नातीच्या वहीत आपण असे कायमचे जाऊन बसणार म्हटल्यावर माणसाला चहा कसा गोड लागेल? मी कप खाली ठेवला. "मग हेही लिही. तुझ्या आजोबांच्या गोष्टीतली एक आई दवाखान्यात रात्रपाळी करत होती."

आता तिनं वर पाहिलं. "कुठल्या गोष्टीतली?"

"ऐक तर खरं."

साल सदुसष्ट. मिरजेत 'चिंचोके' नावाचं मुलांचं मासिक निघायचं, तिथं मी उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे गोष्टी लिहिणारा, प्रुफं तपासणारा, अंकांवर पत्ते डकवणारा आणि त्यासाठी खळ शिजवणारा. संपादक गुळवणी मास्तर. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, पण ते शाळेला कळलं होतं, त्यांना नव्हतं. मासिकाचा सगळा जीव 'मोघ्यांचं घर' या सदरात. दर महिन्याला या घरातली एक गोष्ट, लिहिणार सदूकाका. सदूकाका म्हणजे मी, सदाशिव टेंबे, वय वर्षं सव्वीस, लग्नाचा पत्ता नाही. शीर्षकाशेजारी माझं चष्म्याचं आणि मिशीचं चित्र असायचं. मिशी चित्रकारानं पदरची घातली होती.

या मोघ्यांच्या घरात अप्पा मोघे सहाच्या ठोक्याला कचेरीतून यायचे आणि त्यांच्या हातात खाऊचा पुडा असायचा. मोघेबाई दारात उभ्या. बंडू आणि मिनी भांडली तर पुढच्याच ओळीत एकमेकांची क्षमा मागायची. आजोबांचं वय पंच्याहत्तर, पण गुडघे कधी दुखले नाहीत. मास्तरांची शिस्तच तशी होती. घरात कुणी आवाज चढवायचा नाही, कुणी आजारी पडायचं नाही, आणि आईच्या हातात कायम काहीतरी काम हवं. एकदा मी मोघेबाईंना नुसतंच खिडकीशी बसवलं. मास्तरांनी लाल पेन्सिलीनं त्यांच्या हातात वातींचा कापूस दिला.

"तुमचं घर तसं होतं का, लहानपणी?" शाल्मलीनं विचारलं.

"माझं? मी मामाकडे वाढलो. मामा माणसांशी बोलायचा नाही, मांजराशी बोलायचा. 'त्याला सांग, दळण आणायचंय,' असं मांजराला सांगायचा, मग मी जायचो."

"खरंच?"

"मांजर खरं. घर कसं असतं ते मी दुसऱ्यांच्या मासिकांतून उचललं. त्यांनी कुठून उचललं देव जाणे, पण बहुतेक विलायतेहून, कारण मोघ्यांच्या माजघरात भिंतीतली शेकोटी होती. संध्याकाळी मंडळी तिच्यासमोर हात शेकत बसायची. मिरजेत, मे महिन्यात. एका पोरानं शंका काढली नाही."

"मे महिन्यात?"

"बरं, डिसेंबरात. पण शेकोटी भिंतीतच होती."

तिनं काहीतरी लिहिलं. काय ते मला दिसलं नाही.

मुलांची पत्रं यायची की मोघे कुठं राहतात. मास्तर म्हणाले, "टेंबे, पत्ता छापा. पत्ता दिसला की घर खरं वाटतं." मी तळ्याकाठच्या गल्लीत जाऊन शेवटच्या घराचा नंबर बघून आलो. तीनशे ब्याण्णव. त्यापुढं गवत आणि चरणाऱ्या दोन म्हशी. म्हटलं, आता कुठलाही आकडा टाका, कुणाला त्रास नाही. आणि गोष्टीखाली छापून टाकलं, 'मोघे, घर नंबर ४१७, तळ्याकाठची गल्ली, मिरज.' गवताच्या पलीकडं वस्ती होती, आणि नगरपालिकेनं ती याच गल्लीत धरली होती. हे मला म्हशी थोड्याच सांगणार?

चार महिने सगळं ठीक चाललं. मग एक दिवस भुसावळहून पाकीट आलं. आत दोन कागद. पहिला प्रमिला इंगळे, इयत्ता पाचवी हिचा. "संपादककाका, मी मोघ्यांच्या पत्त्यावर मिनीला दोनदा पत्र घातले. दुसऱ्याचे उत्तर आले ते सोबत पाठवत आहे. यात खरे कोणते ते कळवावे. तुमचे की हिचे?"

दुसरा कागद पेन्सिलीनं लिहिलेला. अक्षर बारीक, पण एकही खाडाखोड नाही. तो मी इतक्यांदा वाचला की आजही म्हणून दाखवीन.

"प्रिय प्रमिला, मोघे इथे राहत नाहीत हे मी तुला पहिल्या कार्डात लिहिले होते. तू विचारलेस, मग कोण राहते. आम्ही राहतो. माझे नाव बिल्कीस. मी चौथीत आहे. माझे अब्बा घरी असतात आणि अम्मा कामावर जाते. ती दवाखान्यात बाळंतिणींकडे आया आहे. रात्री काम करते आणि दिवसा झोपते, म्हणून चार वाजेपर्यंत आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. भाकरी अब्बा करतात. गोल होत नाहीत पण चांगल्या लागतात. तू लिहिलेस की तुझे वडील घरी येतात तेव्हा खाऊ आणत नाहीत, बोलत पण नाहीत, म्हणून तुला वाटते की त्यांची तुझ्यावर माया नाही. तसे नसेल. माझी अम्मा सकाळी येते तेव्हा तिच्या हातात चपला असतात. माझी झोप मोडू नये म्हणून ती त्या दाराबाहेरच काढते आणि हातात घेऊन येते. तुझे वडील काय करतात ते नीट बघ आणि मला कळव. बिल्कीस, मोघ्यांच्या नंबरातून."

शाल्मलीचं पेन थांबलं होतं. "मग तिनं बघितलं? प्रमिलानं?"

"ते पुढं. मध्ये बोलू नकोस."

मास्तरांनी कागद एकदा वाचला, चष्मा वर करून दुसऱ्यांदा वाचला, आणि टेबलाच्या पार टोकाला सरकवला. "टेंबे, हे थांबवा."

"मास्तर, मुलगी खोटं काही लिहीत नाही."

"म्हणूनच थांबवा. आज ही भुसावळची. उद्या अकोल्याची विचारेल, परवा बार्शीची. मोघे नाहीतच म्हटल्यावर पुढचा अंक कोण हातात धरेल? तुमचा पगार कशातून निघतो, चिंचोक्यांतून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "जा, तिथं आलेली पत्रं घेऊन या. आपल्या वाचकांची आहेत ती."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मी कापडी पिशवी घेऊन निघालो. गवत ओलांडलं, म्हशी ओलांडल्या, आणि चारशे सतरासमोर येऊन उभा राहिलो. कौलारू घर. अंगणात, ओसरीवर, आढ्याला, जिकडं बघावं तिकडं भोपळे. वाळलेले, पिवळे, तांबूस, काही माझ्या पोटाएवढे, एक तर एवढा की त्यात मी मांडी घालून बसलो असतो.

"आजोबा."

"डोकं तरी गेलं असतं. तंबोऱ्याचे भोपळे होते ते. मिरजेचे तंबोरे तू ऐकून असशील. तर ओसरीवर एक माणूस मांडीत भोपळा धरून पातीनं आतून खरवडत होता. कसा, तर मांजर दूध पितं तसा. आवाज म्हणून नाही. मी 'अहो' म्हणायला तोंड उघडलं, तर त्यानं ओठावर बोट ठेवलं आणि त्याच बोटानं मला बसायला सांगितलं."

हे दस्तगीरभाई, बिल्कीसचे वडील. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "नगरपालिकेतून आलोय. घरांचे नंबर तपासायला."

"तपासा," ते तितक्याच हळू म्हणाले. "फक्त हळू तपासा. आत बाई झोपलीय."

आता नंबर हळू कसा तपासतात ते मला ठाऊक नव्हतं. दारावरची पाटी बघितली, वहीत चारशे सतरा लिहिलं, आणि काम संपलं. तोवर आतून एक मुलगी आली. दोन वेण्या, वेणीत लाकडाचा भुसा. ती माझ्या पिशवीकडं बघत राहिली.

"नंबर न्यायला पिशवी लागते?" तिनं कुजबुजत विचारलं.

"कागद असतात."

"पिशवी रिकामी आहे."

मी हसलो, तर दस्तगीरभाईंनी पुन्हा ओठावर बोट ठेवलं. पोरगी आत गेली आणि एक तडा गेलेला अर्धा भोपळा दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. तो पत्रांनी भरलेला होता. कार्डं, पाकिटं, वहीची फाडलेली पानं. माझ्यासमोर बसून ती एकेक दाखवू लागली. आम्ही दोघं एकमेकांच्या कानात बोलत होतो, आणि शेजारी तिचे वडील भोपळा खरवडत होते.

"ही मोघ्यांची पत्रं. पण मोघे नाहीत, मग उत्तर कोण देणार? पत्र आलं की उत्तर द्यायचं असं बाईंनी शाळेत सांगितलंय. मी आधी लिहिलं, इथं मोघे राहत नाहीत. तर सगळे विचारतात, तू कोण, तुमच्याकडं काय करतात. हा सांगलीचा आहे, याची आई मारते. ही आजीजवळ राहते, हिचे आईवडील कुठं आहेत तिला ठाऊक नाही. याच्या घरी तेरा माणसं आहेत आणि याला अभ्यासाला जागा नाही, हा जिन्यावर बसतो. यांना काय वाटतं माहितीये?"

"काय?"

"की सगळ्यांची घरं मोघ्यांसारखी आहेत, आपलंच तेवढं चुकलंय."

मी एक कार्ड हातात घेतलं. वाचल्यासारखं केलं.

"तू कधी लिहितेस एवढी उत्तरं?"

"शाळा सकाळची असते. घरी आलं की चार वाजेपर्यंत खेळायचं नाही, पाढे म्हणायचे नाहीत, कुणाला बोलवायचं नाही. आधी मी भोपळे मोजायचे. आता पत्रं लिहिते. पेन्सिलीचा आवाज होत नाही." मग तिनं भोपळा जवळ ओढून घेतला. "अम्मा उठली की पोस्टातून कार्डं आणते."

पिशवी माझ्या मांडीवर होती. ती उघडायची, पत्रं आत घालायची आणि निघायचं, एवढंच काम. मास्तरांनी सांगितलेलं. शाल्मली, मी ती उघडली नाही, हे लिही.

"का नाही उघडली?"

"मला ते सांगता येत नाही. पुढं ऐक."

दस्तगीरभाईंनी तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती, काढून मांडीवर घेतली, तिच्या हस्तिदंती पट्टीवर बोट फिरवलं आणि पुन्हा ठेवली. तारांचं काम कानानं करायचं असतं, त्यामुळं ते सगळं चारनंतर. तोवर खरवडणं, घासणं, रंग. तारा लावलेले सतरा तंबोरे भिंतीला टेकून होते आणि प्रत्येकाच्या तारांखाली चिंधी खोचलेली होती. चुकून कुणाचा धक्का लागला तरी आवाज निघू नये म्हणून. मी पन्नास वर्षांत तसली शांतता ऐकली नाही.

चार वाजले. आत खाट करकरली. दस्तगीरभाईंनी एकेक करून चिंध्या ओढल्या आणि जवळच्या तंबोऱ्यावरून चार बोटं फिरवली.

"आणि सतरा तंबोरे वाजले," शाल्मली म्हणाली. "माणसं किती होती तिथं?"

"तीन."

"तीन माणसं सतरा तंबोरे कशी वाजवतील?"

"एकाच सुरात लावलेले असले की एक छेडला तर बाकीचे आपोआप घुमतात. विज्ञानाच्या बाईंना विचार. मी खोटं बोलतो ते दुसरीकडं, इथं नाही."

त्या आवाजात आतून बिल्कीसची आई आली. हलिमाबी. उंच बाई, डोळ्यांवर झोप, केस मोकळे. नवऱ्यानं न विचारता चहाचं आधण ठेवलं. तिनं माझ्याकडं बघितलं. "हे कोण?"

"नगरपालिका," दस्तगीरभाई म्हणाले.

"नाही अम्मा," बिल्कीस आता मोठ्यानं म्हणाली, "हे सदूकाका. मासिकात यांचं चित्र असतं. मिशी नाहीये, पण चष्मा तोच."

म्हणजे पोरीनं मला दारातच ओळखलं होतं.

हलिमाबी माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या. रागावल्या नाहीत. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "बरं झालं आलात. एक विचारायचं होतं. तुमच्या त्या मोघेबाई झोपतात कधी?"

"म्हणजे?"

"ही मला वाचून दाखवते. चार महिने ऐकतेय. पहाटे उठून सडा घालतात. लाडू करतात. दारात उभ्या राहतात. मुलं निजली की स्वेटर विणतात. सगळं ऐकलं, बाईनं पाठ टेकलेली काही ऐकली नाही. आमच्याकडं अशी कुणी आली तर डॉक्टरीणबाई आधी तिलाच खाटेवर घेतील."

दस्तगीरभाई चहा गाळता गाळता हसले. मी मोघेबाईंचा चाळीस भागांचा हिशोब मनात चाळला. खरंच, मी त्यांना एकदाही झोपवलं नव्हतं. आजारीसुद्धा पाडलं नव्हतं, म्हणजे तीही सोय नाही.

"नाही झोपत," मी म्हटलं.

"मग चिडत का नाहीत?"

चहा आला. तंबोरे अजून घुमत होते. बिल्कीस भोपळा मांडीत घेऊन बसली होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही पत्रं न्यायला आलाय ना?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पिशवीची घडी केली आणि तिच्यावर बसलो. "नाही. तुझं घर छापायला आलोय."

"कशात?"

"दिवाळी अंकात. मोघ्यांच्या जागी."

"अम्मा झोपलेली छापाल?"

"झोपलेलीच."

"अब्बांच्या भाकऱ्या?"

"जशा होतात तशा. वेड्यावाकड्या."

"आणि पत्ता बदलणार नाही?"

"चारशे सतरा. हाच."

तिनं आईकडं बघितलं. हलिमाबींनी मान हलवली, म्हणजे हो म्हणाल्या की तिला सावध केलं ते मला कळलं नाही. पोरगी पाटी-दप्तराकडं पळाली आणि तिथंच ओणवी होऊन लिहायला बसली. दिवस मावळायच्या आत तिनं मला चार पानं दिली. वर लिहिलं होतं, 'आमचे घर'.

"असं तुम्ही खरंच म्हणालात तिला? पत्ता बदलणार नाही असं?" शाल्मलीनं विचारलं.

"या शब्दांत."

तिनं ते लिहून घेतलं, खाली रेघ मारली. "मग?"

मग काय, मी थेट मास्तरांच्या घरी गेलो. पानं त्यांच्यासमोर टाकली. मास्तरांनी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला म्हणाले, "टेंबे, तीस वर्षं मी मुलांना निबंध घातला, माझे घर. तीस वर्षं सगळ्यांनी एकच घर लिहून आणलं, आणि मी त्याला गुण दिले." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांच्या सौभाग्यवती आतून धावत आल्या. मास्तरांनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "तू जरा पड. आज भात मी टाकतो."

आणि दिवाळी अंक निघाला. पहिल्याच पानावर 'आमचे घर'. चित्रकार स्वतः चारशे सतरामध्ये जाऊन बसला आणि त्यानं झोपलेली आई काढली. उशाशी चपला, भिंतीला सतरा तंबोरे. अंक तीन दिवसांत संपला. पुन्हा छापला, पुन्हा संपला. पत्रं एवढी आली की पोस्टमननं सायकल सोडून टांगा केला. बाळंतिणींच्या खोलीत बायका हलिमाबींकडून अंक वाचून घ्यायच्या, म्हणजे हलिमाबींना वाचता येत नव्हतं, पण बिल्कीस जाऊन वाचायची. प्रमिला इंगळेचं पत्र आलं की वडील खाऊ आणत नाहीत, पण रोज तिच्या दौतीत शाई भरून ठेवतात, हे तिनं आत्ताच बघितलं. आणि पुढच्या महिन्यापासून मोघेबाई दुपारी तासभर झोपायला लागल्या. मास्तरांनीच लाल पेन्सिलीनं त्यांना उशी दिली.

मी थांबलो. शाल्मली लिहीत नव्हती. केव्हापासून लिहीत नव्हती कुणास ठाऊक.

"कितव्या पानावर म्हणालात?"

"पहिल्या."

"सदुसष्टचा दिवाळी अंक."

"तोच. लिही ना, आईच्या रकान्यात लिही, रात्रपाळी."

तिनं रकान्यात काही लिहिलं नाही. वहीची पानं मागं उलटली. "मी परवा वाचनालयात तो अंक मागून घेतला होता. पहिल्या पानावर मोघेबाई करंज्यांना मुरड घालतायत. बिल्कीस कुठंच नाहीये. मी पूर्ण अंक वाचलाय, जाहिराती पण. शेवटच्या पानावर एक चौकट आहे, ती मी उतरवून घेतली कारण मला ती मजेशीर वाटली होती."

"मास्तरांनी काय काय छापलं ते मला आता..."

ती वाचायला लागली, शाळेत वाचतात तसं, सरळ आवाजात. "'बालमित्रांनो, आपले आवडते मोघे कुटुंब मिरज सोडून पुण्यास राहावयास गेले आहे. तरी जुन्या पत्त्यावर कोणीही पत्र पाठवू नये. पाठविल्यास उत्तर येणार नाही. तुमचा सदूकाका.'"

तिनं वही मिटली आणि माझ्याकडं बघितलं.

"आजोबा, मोघ्यांना पुण्याला तुम्हीच पाठवलंत."